काउंटरमागच्या पोराला शिकवणार कोण?

आठ आठवड्यांची गरोदर बाई गांजाच्या दुकानात फोन लावते. सकाळी उठलं की फार मळमळतं, तुमच्याकडे त्यावर काही मिळेल का, असं विचारते. पलीकडचा मुलगा म्हणतो, मिळेल की, या ना.

असे ४०० फोन अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात लावले गेले. फोन करणारी खरी गरोदर नव्हती. डॉक्टर मंडळींचं ते संशोधन होतं आणि २०१८ साली ते स्त्रीरोगतज्ज्ञांच्या एका नामांकित नियतकालिकात छापून आलं. ६९ टक्के दुकानांनी मळमळीवर गांजाचा माल सुचवला. ३६ टक्के दुकानांनी तर गरोदरपणात तो सुरक्षित असतो असं बिनदिक्कत सांगून टाकलं. डॉक्टरांना विचारा, असं ८० टक्क्यांहून जास्त जण म्हणाले खरे, पण बहुतेकांकडून ते काढून घ्यावं लागलं. आपणहून तसं सांगणारे एक तृतीयांशसुद्धा भरले नाहीत. आणि बहुतेकांच्या सल्ल्याला आधार काय होता? स्वतःचं मत.

पोटातल्या बाळाच्या जिवाशी गाठ असलेला सल्ला, आणि तो देणारा तासावर पगार घेणारा दुकानातला मुलगा. राग त्याच्यावर काढू नका. त्याला तिथे उभं करणाऱ्यांवर काढा. राज्यानं गांजा कायदेशीर केला, कर गोळा केला, परवाने वाटले. माल कुठून आला, किती आला, कुठे गेला याचा पै-पैचा माग ठेवणारी यंत्रणा उभारली. पण गिऱ्हाईक ज्याच्याशी बोलतं त्या माणसाला काय येतं आणि काय येत नाही, याची चौकशी सगळ्यात शेवटी केली. काही ठिकाणी केलीच नाही.

कोलोरॅडोचंच बघा. १ जानेवारी २०१४ ला तिथे हौसेच्या गांजाची पहिली दुकानं उघडली. दुकानात काम करायचं तर वय २१ पूर्ण हवं, राज्याकडून बिल्ला घ्यायचा, बोटांचे ठसे द्यायचे, पार्श्वभूमी तपासून घ्यायची. हे सगळं सक्तीचं. आणि माल जबाबदारीनं कसा विकायचा याचं प्रशिक्षण? ते ऐच्छिक. दुकानानं घेतलं तर पुढे कधी नियमभंगात सापडल्यावर शिक्षेत थोडी सूट मिळू शकते, एवढंच त्याचं आमिष. ठसे सक्तीचे आणि शिक्षण मर्जीवर. पोरगा गुन्हेगार आहे का, याची काळजी सरकारला वाटली. पोरगा अडाणी आहे का, याची वाटली नाही.

तिकडे या कामगाराला बडटेंडर म्हणतात. २०१६ साली अमेरिकेतल्या अशा ५५ कर्मचाऱ्यांची एक पाहणी छापून आली. पाहणी छोटी आहे, तिच्यावरून सगळ्या देशाचा निवाडा करता येणार नाही. पण तिच्यातले आकडे विसरता येत नाहीत. ९४ टक्के लोक गिऱ्हाइकाला सल्ला देत होते. कसलं का होईना रीतसर प्रशिक्षण मिळालेले ५५ टक्के होते. वैद्यकीय किंवा शास्त्रीय प्रशिक्षण मिळालेले होते फक्त २० टक्के. म्हणजे सल्ला जवळजवळ सगळेच देतात आणि शिकलेले असतात निम्मे.

आता कॅनडाकडे वळू, कारण तिथे निदान हा प्रश्न कुणाच्या तरी लक्षात आला. १७ ऑक्टोबर २०१८ ला त्या देशानं गांजा कायदेशीर केला आणि किरकोळ विक्रीचे नियम प्रांतांवर सोपवले. ओंटारियोनं सुरुवातीला फक्त २५ दुकानांसाठी सोडत काढली. १ एप्रिल २०१९ पासून दुकानं उघडू लागली आणि पुढे ती संख्या दीड हजाराच्या वर गेली. तिथल्या नियमाप्रमाणे दुकानातला कर्मचारी किमान १९ वर्षांचा हवा, आणि कामाच्या पहिल्या दिवसाआधी त्यानं ‘कॅनसेल’ नावाचा अभ्यासक्रम पुरा केलेला हवा. मालक असो, व्यवस्थापक असो की बिलं फाडणारा असो, सुटका कुणाचीच नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध झगडणाऱ्या मातांची ‘मॅड’ ही संघटना हा अभ्यासक्रम तयार करण्यात सहभागी होती, हे मला फार मोलाचं वाटतं. नशेपायी ज्यांच्या घरातली माणसं गेली, त्यांचा आवाज विक्रेत्याच्या शिक्षणात असलाच पाहिजे.

अभ्यासक्रम ऑनलाइन आहे. सुमारे चार तास लागतात. शेवटी परीक्षा, पास व्हायला ८० टक्के. कायदा काय म्हणतो, २५ च्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र कसं मागायचं, आधीच नशेत असलेल्याला परत कसं पाठवायचं, माल काळ्या बाजारात जाऊ नये म्हणून नोंदी कशा ठेवायच्या, हे सगळं त्यात येतं. आल्बर्टात अशाच अभ्यासक्रमाला ‘सेलसेफ’ म्हणतात, आणि तिथे गुन्हेगारी नोंदीची तपासणीही करून घ्यावी लागते. ब्रिटिश कोलंबियात ‘सेलिंग इट राइट’ आहे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये कामगाराला स्वतःच्या नावाचा परवाना काढावा लागतो. त्याची फी १०० डॉलर, ऑनलाइन परीक्षेत ७० टक्के, आणि एकदा परवाना मिळाला की पाच वर्षं बघायला नको.

चार तासांत काय शिकवता येतं आणि काय येत नाही, ते प्रत्यक्ष काउंटरवर उभं राहून पाहू.

कॅनडात सार्वजनिक ठिकाणी एका माणसाजवळ ३० ग्रॅम सुका गांजा किंवा तेवढ्याच तोलाचा दुसरा माल असू शकतो. हा तोल कायद्यानं ठरवून दिला आहे. १ ग्रॅम सुक्या गांजाची बरोबरी खाण्याच्या मालाच्या १५ ग्रॅमशी धरतात आणि अर्काच्या पाव ग्रॅमशी. आता एक गिऱ्हाईक साडेतीन ग्रॅमच्या दोन पुड्या घेतं, गोड वड्यांची पाकिटं मिळून ३० ग्रॅम घेतं आणि गांजाच्या पेयाचे ३५५ मिलिलिटरचे सहा डबे काउंटरवर ठेवतं. पुड्यांचे सात ग्रॅम, वड्यांचे दोन. पेयाचं काय? डिसेंबर २०२२ च्या आधी पेयाचे ७० ग्रॅम म्हणजे १ ग्रॅम सुका गांजा, असा हिशोब होता. म्हणजे नुसते सहा डबेच ३० च्या वर जात. विकणारा मुलगा कायदा मोडून बसला असता. मग नियम बदलला आणि ७० च्या जागी ५७० आले. आता तेच सहा डबे चार ग्रॅमच्या आत बसतात आणि गिऱ्हाइकाला एका वेळी ४८ डबे नेता येतात. २०१९ साली प्रमाणपत्र घेतलेल्या मुलानं पाठ केलेला आकडा एका रात्रीत निकामी झाला. भिंतीवरचं प्रमाणपत्र मात्र तसंच राहिलं. एकदा शिकवून मोकळं होणाऱ्या प्रशिक्षणाचा हा पहिला दोष.

तरी हिशोबाचं मी फार मनावर घेत नाही. तो यंत्र करतं. बिलाच्या संगणकात आकडे भरलेले असतात आणि मर्यादा ओलांडली की बिल अडतं.

यंत्राला न येणारी गोष्ट वेगळीच आहे. साठीतली बाई येते आणि म्हणते, मला झोप लागत नाही, सीबीडीचं तेल चांगलं असतं असं ऐकलंय, घेऊ का रोज जिभेखाली? आणि जाता जाता सांगते की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ती गोळी वॉरफरिन असेल तर गांजातल्या सीबीडी या घटकामुळे तिचा परिणाम वाढतो आणि रक्तस्रावाचा धोका उभा राहतो. फिटांवरच्या क्लोबाझामशीही सीबीडीचा असाच घोळ होतो. हे औषधशास्त्रात नोंदलेलं आहे. काउंटरमागच्या पोराला ते ठाऊक असावं अशी अपेक्षा नाही. कायद्यानं तर त्याला या मालाचे औषधी गुण सांगायलाच बंदी आहे. त्यानं म्हणायचं एवढंच: मावशी, हे मी सांगू शकत नाही, तुमच्या डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारून या, मग घ्या.

हे वाक्य वाचायला सोपं आहे. पण मागे मालक उभा आहे, महिन्याचा खप बघतो आहे, समोर गिऱ्हाईक हातात पैसे घेऊन आहे, रांगेत चार माणसं खोळंबली आहेत. अशा वेळी तोंडातून ते वाक्य निघायला सराव लागतो. चार तास पडद्यावर चित्रं बघून आणि बरोबर पर्यायावर टिचकी मारून हा सराव होत नाही. कुणीतरी समोर गिऱ्हाईक होऊन उभं राहावं लागतं, हुज्जत घालावी लागते, रागवावं लागतं आणि मुलाकडून दहा वेळा ‘नाही’ म्हणवून घ्यावं लागतं.

आणि नुसतं योग्य वाक्य बोलूनही भागत नाही, याचा दाखला कोलोरॅडोतच आहे. मार्च २०१४. दुकानं उघडून जेमतेम तीन महिने झालेले. १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्यासाठी त्याच्या २३ वर्षांच्या मित्रानं दुकानातून गांजाची कुकी विकत घेतली. तिच्यात गांजातला नशेचा घटक टीएचसी ६५ मिलिग्रॅम होता, म्हणजे साडेसहा माणसांचं प्रमाण एका बिस्किटात. विक्रेत्यानं सांगितलं होतं की एका वेळी एकच वाटा खायचा. विद्यार्थ्यानं आधी एकच तुकडा खाल्ला. अर्धा-पाऊण तास गेला, काहीच होईना. मग त्यानं उरलेली सगळी कुकी खाऊन टाकली. पुढच्या दोन-अडीच तासांत त्याचं वागणं बिघडत गेलं आणि शेवटी त्यानं चौथ्या मजल्यावरून उडी मारली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०१५ साली या मृत्यूचा सविस्तर अहवाल छापला.

विक्रेत्यानं किती खायचं ते सांगितलं होतं. किती वेळ थांबायचं, हे गिऱ्हाइकाच्या डोक्यात ठसलं नाही. खाल्लेला गांजा ओढलेल्या गांजासारखा लगेच चढत नाही. अर्धा तास ते दोन तास काहीच जाणवत नाही, पूर्ण चढायला चार तासही लागतात आणि अंमल बारा तासांपर्यंत टिकतो. ‘काही होत नाही म्हणून आणखी खाऊ नका’ हे वाक्य ही या व्यवसायातली सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे. ती माल पिशवीत घालताना, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून, त्याच्याकडून परत वदवून घ्यायला हवी. नर्स रुग्णाला घरी सोडताना गोळ्या कशा घ्यायच्या ते त्याच्याच तोंडून म्हणवून घेते, तसं. कॅनडानं पुढे खाण्याच्या मालात एका पाकिटाला १० मिलिग्रॅम टीएचसीची मर्यादा घातली आणि नवख्यानं अडीचपासूनच सुरुवात करावी असं तिथलं आरोग्य खातं सांगतं. मर्यादा घालणं शहाणपणाचंच होतं. पण एका पाकिटाऐवजी चार पाकिटं नेणाऱ्याला सांगायला शेवटी माणूसच लागतो.

प्रशिक्षणाचा खर्च कोणाचा, हाही प्रश्न आहेच. कॅनसेल सुरू झाला तेव्हा त्याची फी ६४.९९ डॉलर होती, वर कर. त्या वेळी ओंटारियोचं किमान वेतन तासाला १४ डॉलर. म्हणजे पाच तासांहून जास्त कमाई फीमध्ये आणि वर चार तास अभ्यासाचे. नोकरीच्या जाहिरातीतच ‘प्रमाणपत्र असलेल्यांना प्राधान्य’ असं लिहिलं की हे सगळं नोकरी लागण्याआधी, उमेदवाराच्या खिशातून. ते तास कुणाच्या मस्टरवर लागत नाहीत. नोकरी मिळाली नाही तर फीही गेली. परवाना दुकानाला हवा, नफा दुकानाचा, कर सरकारचा, मग दुकान चालवायला लागणाऱ्या शिक्षणाची फी पोरानं का भरायची? माझं स्पष्ट मत आहे: फी मालकानं भरावी, तास पगारी असावेत आणि ते परवान्याच्या अटीतच लिहावं.

परवान्यात कडक अटी घालता येतात, काही ठिकाणी घातल्याही आहेत. मॅसेच्युसेट्समध्ये गांजाच्या धंद्यातल्या कर्मचाऱ्याला दर वर्षी किमान आठ तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. कॅलिफोर्नियात एकाहून जास्त माणसं कामाला असतील तर एका पर्यवेक्षकानं आणि एका कामगारानं ३० तासांचा कामगार सुरक्षेचा अभ्यासक्रम करायचा असतो. शिवाय ठरावीक संख्येइतके किंवा जास्त कामगार असलेल्या परवानाधारकाला कामगार संघटनेला आडकाठी न करण्याचा करार करावा लागतो. आधी ही संख्या २० होती, जुलै २०२४ पासून १० झाली. जर्मनीनं एप्रिल २०२४ मध्ये कायदा सैल केला तेव्हा दुकानं काढूच दिली नाहीत. सभासदांच्या संघांना परवानगी दिली आणि प्रत्येक संघात व्यसनप्रतिबंधाचं शिक्षण घेतलेला एक जबाबदार माणूस नेमण्याची सक्ती केली. उरुग्वेनं २०१७ पासून विक्री थेट औषधांच्या दुकानांतून केली, तीही फक्त नोंदणी झालेल्या रहिवाशांना. कनेक्टिकटमध्ये औषधी गांजाच्या दुकानात फार्मासिस्ट लागतोच.

क्वेबेक प्रांताचा मार्ग मला सगळ्यात समजूतदार वाटतो. तिथे विक्री सरकारी महामंडळाकडे आहे. लोकांना काळ्या बाजारातून कायदेशीर दुकानात आणायचं, पण सेवनाला उत्तेजन द्यायचं नाही, असं त्याचं कामच ठरवून दिलं आहे. खरेदीचं वय २०२० पासून २१ केलं आहे. खप वाढवण्याचा धाक ज्याच्या मानेवर नाही, तोच माणूस गिऱ्हाइकाला ‘आज नको’ म्हणू शकतो. पण महामंडळ आलं म्हणून कामगाराचं सगळं भलं झालं, असंही नाही. २०२२ साली तिथल्या बऱ्याच दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना पगारासाठी संपावर जावं लागलं.

कामगाराच्या स्वतःच्या जिवाचं काय? संघराज्याच्या कायद्यामुळे अमेरिकेतल्या बहुतेक बँका आणि क्रेडिट कार्ड कंपन्या या धंद्यापासून लांब राहतात. दुकानात रोकड साठते आणि रोकड साठली की दरोडे येतात. वॉशिंग्टन राज्यात २०२२ च्या सुरुवातीला अशा दरोड्यांची रांग लागली. टॅकोमातल्या दुकानात एक कर्मचारी मारला गेला. त्याच वर्षी जानेवारीत मॅसेच्युसेट्समधल्या एका कारखान्यात, दुकानात नव्हे, दळलेल्या गांजाच्या धुरळ्यानं दमा होऊन २७ वर्षांची कामगार बाई दगावली. गांजाच्या धंद्यातल्या कामानं झालेल्या दम्याचा तो अमेरिकेत नोंदलेला पहिला मृत्यू. वय तपासणं शिकवणारे अभ्यासक्रम आहेत. बंदूक समोर आली तर काय करायचं आणि श्वास कोंडायला लागला तर कुणाला सांगायचं, हे शिकवायला तेवढीच तत्परता हवी होती.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असावा, असा कायदा १९४८ पासून आहे. त्याची पदविका दोन वर्षांची. तो दुकानात प्रत्यक्ष हजर असतो की नुसतं प्रमाणपत्र टांगलेलं असतं, हे वाचकांना मी सांगायला नको. पण निदान कायद्याला हे उमगलं होतं की शरीरावर परिणाम करणारा माल विकणाऱ्याला त्या मालाची माहिती हवी. दोन वर्षं आणि चार तास यांच्यामध्ये कुठेतरी गांजाच्या विक्रेत्याची जागा आहे. चार तासांच्या बरीच पुढे, असं मला वाटतं.

शिकवणी नसलेलं दुकान काय करतं, याची झळ मुंबईच्या विमानतळावर पोचते. थायलंडनं जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि बघता बघता गल्लोगल्ली हजारो दुकानं उभी राहिली. कोण विकतो, त्याला काय येतं, याची रीतसर विचारपूस न होताच. जून २०२५ मध्ये सरकारला मागे फिरावं लागलं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गांजाचं फूल विकायला बंदी आली. दरम्यान बँकॉकहून येणाऱ्या विमानांतून ‘हायड्रोपोनिक गांजा’ उतरवताना पकडलेल्यांच्या बातम्या मुंबईत नित्याच्या झाल्या. त्यात सराईत वाहतूकदार असतात, त्यांना सल्ल्याची गरज नाही. पण सहलीहून येताना बॅगेत चार वड्या उरल्या म्हणून आणणाऱ्याला दुकानदारानं एक वाक्य सांगायला हवं होतं: हे सीमेपलीकडे नेऊ नका, तुमच्या देशात अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आहे. ओंटारियोत घेतलेला मालसुद्धा सीमा ओलांडून नेणं गुन्हा आहे, आत आणणंही आणि बाहेर नेणंही.

आता ज्यांची मुलं परदेशात शिकतात त्या घरांसाठी. टोरांटो, ब्रॅम्प्टन या बाजूला शिकायला गेलेल्या पोरांना भाडं निघायला अर्धवेळ काम हवं असतं. गांजाचं दुकान हे तिथे किराणा किंवा पेट्रोल पंपासारखंच एक कायदेशीर काम आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आईवडिलांनी तोंड फिरवू नये. पोरानं घरी खोटं सांगण्यापेक्षा खरं सांगितलेलं बरं. पण कामाची जी जोखीम आहे ती कुठलाही चार तासांचा अभ्यासक्रम त्याच्या मनावर पुरेशी ठसवत नाही.

अमेरिकेच्या नागरिकत्व खात्यानं एप्रिल २०१९ मध्ये धोरण जाहीर केलं. गांजाच्या धंद्यातली नोकरी, ती राज्याच्या कायद्याप्रमाणे अगदी रीतसर असली तरी, नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगली वर्तणूक’ सिद्ध करायच्या आड येऊ शकते. म्हणजे डेन्व्हरमध्ये बिल्ला लावून, कर भरून, प्रशिक्षण घेऊन प्रामाणिकपणे काम केलेला ग्रीन कार्डवाला मुलगा नागरिक व्हायला गेला की त्याच पगाराच्या पावत्या त्याच्याविरुद्ध पुरावा ठरतात. राज्यानं ज्या कामाचा बिल्ला दिला, त्याच कामासाठी संघराज्य त्याला नाकारू शकतं. याहून मोठा अन्याय मला या सगळ्या प्रकरणात दिसत नाही. बिल्ला देणाऱ्या प्रत्येक कार्यालयानं अर्जाच्या पहिल्या पानावर ही सूचना मोठ्या अक्षरांत छापली पाहिजे. कॅनडातल्यांसाठी नियम थोडा सैल आहे. अमेरिकेच्या सीमाखात्यानं ऑक्टोबर २०१८ मध्ये सांगितलं की गांजाच्या कायदेशीर धंद्यात असलेला कॅनडाचा नागरिक इतर कामासाठी आला तर साधारणपणे आत घेऊ, पण त्या धंद्याच्या कामानं आला तर अडवू शकतो. हा दिलासा आहे कॅनडाच्या नागरिकाला. भारतीय पासपोर्टवर तिकडे शिकणाऱ्या पोरानं तो आपल्यालाही लागू आहे असं धरून चालू नये.

तेव्हा काम घेण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. प्रशिक्षणाची फी कोण भरतो आणि ते तास पगारी आहेत का, ते लेखी मागा. रात्रपाळीला एकट्याला उभं करणार का, ते विचारा. नियम बदलले की नव्यानं शिकवतात का, ते विचारा. आणि गिऱ्हाइकाला माल नाकारल्यावर मालक पाठीशी उभा राहतो का, हे तिथे आधीपासून काम करणाऱ्याला बाजूला घेऊन विचारा. चारांपैकी दोन उत्तरं मनासारखी आली नाहीत तर दुसरं दुकान बघा. अमेरिकेत ग्रीन कार्डावर असाल किंवा पुढे कधी अर्ज करायचा विचार असेल, तर पहिली पाळी करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा, नंतर नाही.